ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स: आठवणीतल्या चुका

मुंबईची ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स १९९२ मध्ये उडू लागली आणि १९९६ मध्ये थांबली. आयुष्य चार-साडेचार वर्षांचे, पण तिच्याविषयी ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याच तपासाला टिकत नाहीत.

समज: ही भारतातील पहिली खासगी विमान कंपनी.

नव्हे. टाटांची विमानसेवा १९३२ मध्ये कराची ते जुहू अशी सुरू झाली, तेव्हा सरकारी विमान कंपनी अस्तित्वातच नव्हती. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, आणि एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, हिमालयन एव्हिएशन, कलिंगा अशा कंपन्यांच्या देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. त्यानंतर जवळजवळ चार दशके देशांतर्गत विमानप्रवास म्हणजे सरकारी तिकीट, हेच समीकरण राहिले. १९९२ चा प्रवासी याच काळात वाढलेला. त्याने पाहिलेली पहिली खासगी कंपनी ही देशातली पहिली वाटली, यात नवल नाही. राष्ट्रीयीकरणानंतरच्या नव्या पिढीतली अग्रणी, एवढेच तिच्याबद्दल म्हणता येते.

समज: नव्या पिढीची सुरुवात जेट एअरवेजने केली.

जेटचे पहिले विमान मे १९९३ मध्ये उडाले. ईस्ट-वेस्टने त्याआधी, फेब्रुवारी १९९२ मध्ये, मुंबई–कोची मार्गाने आरंभ केला होता. जेट पुढे पाव शतक टिकली, म्हणून आरंभाचे श्रेयही तिच्या नावावर जमा झाले.

समज: १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी आकाश खुले झाले आणि खासगी विमाने बिनदिक्कत उडू लागली.

हा समज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच चिवट आहे. खासगी चालकांना वाट करून देणारी ‘एअर टॅक्सी’ योजना १९९० मधली, म्हणजे जुलै १९९१ च्या गाजलेल्या अर्थसंकल्पाच्या आधीची. शिवाय नियमित विमानसेवा सरकारी महामंडळांपुरती राखून ठेवणारा १९५३ चा कायदा जागचा हलला नव्हता. त्यामुळे शंभरावर माणसे घेऊन जाणारे बोइंग ७३७ कागदोपत्री टॅक्सी ठरत होते! हा कायदा रद्द झाला तो मार्च १९९४ मध्ये.

त्या सुटकेसोबत नवे ओझेही आले. मुंबई–दिल्लीसारख्या कमाईच्या मुख्य मार्गांवर कंपनी जेवढी आसनक्षमता वापरेल, तिच्या किमान १० टक्के ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपकडे वळवायची. आणि ५० टक्क्यांइतकी उरलेल्या दुय्यम मार्गांवर. देशाच्या दृष्टीने अट रास्त होती. मोजक्या, भाड्याच्या विमानांवर चालणाऱ्या कंपनीला मात्र ती जड जाणारच होती.

समज: ईस्ट-वेस्टची विमाने आखातात जात.

संस्थापक तकीउद्दीन वाहिद मूळचे केरळचे. मुंबईत त्यांचा ट्रॅव्हल एजन्सीचा धंदा होता आणि त्या काळी आखाताकडे निघालेल्या केरळी माणसाची वाट बहुधा मुंबईवरूनच जाई. कंपनीचा पहिला मार्गही कोचीचा. हे दुवे जोडून आखाताची कथा तयार होते. पण खासगी भारतीय कंपन्यांना तेव्हा परदेशी नियमित उड्डाणांची मुभाच नव्हती. जेट आणि एअर सहारा या कंपन्या कोलंबोला गेल्या त्या २००४ मध्ये. तोवर ईस्ट-वेस्ट बंद होऊन जवळजवळ आठ वर्षे झाली होती.

समज: मालकाचा खून झाला म्हणून कंपनी बुडाली.

सर्वांत घट्ट रुजलेला समज हाच. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी वांद्र्यात वाहिद यांची गोळ्या झाडून हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली. दोन घटना इतक्या जवळ आल्या की पहिलीला कारण आणि दुसरीला परिणाम ठरवण्याचा मोह होतोच. ज्याच्या एकट्याच्या धडाडीवर कंपनी उभी होती तो माणूस गेला, हा आघात खराच. पण खुनानंतरही विमाने काही महिने उडत होती, आणि आर्थिक ओढाताण त्याआधीपासूनची होती.

या ओढाताणीचे मूळ विमानाच्या भाडेकरारात सापडते. विमान भाड्याचे, आणि भाडे डॉलरमध्ये. ते महिन्याच्या महिन्याला द्यायचे, मग विमान भरून जावो की सांताक्रूझला उभे राहो. दुरुस्तीसाठी ठेवायची रक्कम उड्डाणाच्या तासांवर वेगळी, सुटे भागही डॉलरमध्येच. इंधनावर राज्यांचा जबर विक्रीकर. वैमानिक इंडियन एअरलाइन्समधून जादा पगार देऊन आणलेले. तिकीट मात्र रुपयांत विकायचे, तेही सरकारी कंपनीच्या दरांवर नजर ठेवून. १९९३ पासून डॉलर ३१ रुपयांच्या आसपास स्थिर होता, तोवर हा हिशेब कसाबसा जुळत असेल. १९९५ च्या अखेरीस डॉलर ३५ च्या घरात गेला. म्हणजे एकही जादा फेरी न मारता भाड्याचे बिल रुपयांत दहा टक्क्यांहून अधिक वाढले.

खून हेच कारण असते, तर बाकीच्या कंपन्या तगायला हव्या होत्या. दमानिया एअरवेज १९९५ मध्ये एनईपीसी समूहाला विकली गेली आणि दोन वर्षांत तीही सेवा संपली. मोदीलुफ्त १९९६ मध्येच थांबली. भाड्याच्या थकबाकीवरून लुफ्तान्साशी वाद होऊन तिची विमाने गेली. या कंपन्यांच्या मालकांवर कोणी गोळी झाडली नव्हती. त्या पिढीतली सर्वांत मोठी कंपनी जेट. तिचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी अमृतसरहून मुंबईला निघाले, तेव्हा तिच्याही बहुतेक विमानांची भाडी थकलेली होती.