फ्लॉवरचा गड्डा, केळ्याची फणी आणि स्वप्न

डिसेंबर १९५५. पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठासमोर एक रोल्स-रॉइस येऊन थांबली. आत ठासून भरला होता फ्लॉवर. पाचशे किलो! त्या ढिगातून बाहेर पडला अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दाली, मिशांना पीळ देऊन व्याख्यानाला निघालेला.

सकाळी पुण्याच्या मंडईत ओट्यावर फ्लॉवरचे गड्डे रचलेले दिसले की मला हटकून ती गाडी आठवते. अतिवास्तववाद म्हटलं की आपल्याला जाडजूड ग्रंथ आणि अवघड शब्द आठवतात. पण स्वप्नांच्या मागे लागलेल्या या चित्रकारांचं कितीतरी सामान भाजीबाजारातलं आहे. घ्या पिशवी, चला.

आधी फ्लॉवर

दालीला गेंड्याच्या शिंगाच्या आकाराचं वेड होतं. तसंच मळसूत्री वळण त्याला फ्लॉवरमध्ये दिसलं, म्हणून ती पाचशे किलोंची मिरवणूक. वेडेपणा वाटतो ना? मग एक गड्डा हातात घेऊन वरून नीट बघा. तुरे खरंच गोल फिरत गेलेले दिसतील.

यामागची गोष्ट तर स्वप्नालाही लाजवेल अशी आहे. कळी फूल व्हायला निघते, वाटेत अडखळते आणि तिचा पुन्हा देठ होतो. त्या देठावर नव्या कळ्या येतात, त्यांचंही तेच होतं. फूल होता होता राहिलेल्या असंख्य कळ्या एकमेकींवर रचल्या जातात, तो आपला गड्डा. हे कोडं शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उलगडून दाखवलं.

केळी

जॉर्जो दे किरिको या चित्रकाराने १९१३ मध्ये एक चित्र काढलं. दगडी कमानी, ओसाड चौक, शीर नसलेला एक पांढरा पुतळा, आणि त्याच्याजवळ पिवळीधमक केळी. लांबवर एक आगगाडी. अतिवास्तववादाचा जाहीरनामा आंद्रे ब्रतोंने काढला १९२४ मध्ये, म्हणजे केळी अकरा वर्षं आधीच येऊन पडली होती. याच दे किरिकोचं एक चित्र धावत्या बसमधून दुकानाच्या काचेत दिसलं आणि ईव्ह तांगी नावाच्या तरुणाने बसमधून उडी टाकली. चित्रकलेचं कसलंही शिक्षण न घेता तो चित्रकार झाला आणि शेवटपर्यंत समुद्रतळासारखी अनोळखी मैदानं रंगवत राहिला.

दगडी कमानी आपल्या मंडईलाही आहेत. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ती सुरू झाली. या इमारतीवरच्या खर्चाला महात्मा फुल्यांचा विरोध होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळालं ते फुल्यांचंच. दुपारी गर्दी ओसरली की त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उन्हाची तिरपी पट्टी पडते. तिच्यात कुणी केळ्याची एकच फणी ठेवली, तर दे किरिकोला निराळं काही मांडायची गरज पडली नसती.

डाळिंब, आणि त्यातून निघालेला वाघ

माझं सगळ्यात आवडतं चित्र. १९४४ सालचं, दालीचंच. नावच बघा: डाळिंबाभोवती घोंगावणाऱ्या मधमाशीमुळे, जाग येण्याच्या एक सेकंद आधी पडलेलं स्वप्न! दालीची बायको गाला अधांतरी झोपली आहे. फुटलेल्या डाळिंबातून मासा बाहेर पडतो, माशाच्या जबड्यातून वाघ, त्या वाघापुढे आणखी एक वाघ, आणि पुढच्या क्षणी बंदुकीची संगीन तिच्या दंडाला टोचणार. इकडे खालच्या कोपऱ्यात एक छोटंसं डाळिंब आणि त्याच्याभोवती ती मधमाशी.

हे सगळ्यांच्या अनुभवातलं आहे. पहाटे गजर होतो, पण आपण उठत नाही. स्वप्नातच देवळाची घंटा वाजू लागते, आरती सुरू होते, आपण प्रसादाच्या रांगेतही उभे राहतो. बाहेरच्या आवाजाला स्वप्न आत घेतं आणि त्याची गोष्ट करून टाकतं. सिग्मंड फ्रॉइडने यावर लिहिलं ते ‘स्वप्नांचा अन्वयार्थ’ या पुस्तकात. १८९९ च्या नोव्हेंबरात आलेल्या त्या पुस्तकाच्या पहिल्या सहाशे प्रती खपायला आठ वर्षं लागली!

१९३८ मध्ये दाली लंडनमध्ये फ्रॉइडला भेटला. फ्रॉइड तेव्हा ८२ वर्षांचा होता. त्याचं डोकं दालीला हुबेहूब गोगलगाईसारखं वाटलं आणि त्याने ते तसंच चितारलंही. तोवर ही सगळी अतिवास्तववादी मंडळी वेडी आहेत असं मानणाऱ्या फ्रॉइडने दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून कळवलं की या तरुणामुळे आपल्याला फेरविचार करावासा वाटतो.

सफरचंद

एकच, पण खोलीभर. रने माग्रितच्या १९५२ च्या चित्रात हिरवं सफरचंद जमिनीपासून छतापर्यंत खोली व्यापून बसलंय. त्याच्याच दुसऱ्या एका सफरचंदावरून बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीचं बोधचिन्ह सुचलं.

पाटी उलटी करा

सोळाव्या शतकातल्या आर्चिम्बोल्दोने कांदे, मुळे, गाजरं भरलेलं एक भांडं रंगवलं. चित्र उलटं धरा, भाज्यांचा गालफुग्या माळी होतो आणि भांड्याची टोपी. अतिवास्तववाद्यांना हा आपला पणजोबाच वाटला.

ही उलटापालट मुंबईपर्यंत पोचली. १९६७ मध्ये एअर इंडियाने, जिचं मुख्यालय तेव्हा मुंबईत होतं, दालीकडून रक्षापात्राची नक्षी करून घेतली. सरळ पाहिलं तर हंस, उलटं केलं तर हत्ती. मोबदला म्हणून दालीने काय मागावं? हत्तीचं पिल्लू. बंगळूरूहून विमानाने ते जिनिव्हाला गेलं आणि तिथून रस्त्याने स्पेनमधल्या कादाकेस गावी.

वामकुक्षी आणि किल्ली

दुपारी डुलकी घ्यायची दालीची एक युक्ती होती. खुर्चीत बसायचं, बोटांत जड किल्ली धरायची, खाली थाळी पालथी घालायची. डोळा लागला की किल्ली निसटते, खण्णकन वाजते, आणि झोपेच्या उंबरठ्यावर पाहिलेलं दृश्य हाती लागतं. पॅरिसच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ही युक्ती तपासली. गणितातली दडलेली मेख जागं राहिलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांना सापडली, आणि निदान पंधरा सेकंद त्या उंबरठ्यावर घालवलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना. दुपारी गाळ्यावर पोत्याला टेकून पेंगणाऱ्या माणसाला मी आता हाक मारत नाही.

आर्यन

पुण्याचं पहिलं चित्रपटगृह ‘आर्यन’ मंडईला लागूनच होतं. १९१५ मध्ये सुरू झालेलं, १९८३ मध्ये पाडलेलं. त्या जागी आज वाहनतळ आहे. आर्यन नवंकोरं होतं, त्याच सुमारास फ्रान्सच्या नांत शहरात तरुण ब्रतों मित्राबरोबर एका चित्रपटगृहातून दुसऱ्यात शिरत होता. कुठला सिनेमा, विचारायचं नाही. मध्येच आत जायचं, कंटाळा आला की उठायचं. अंधारात अर्धवट पाहिलेली दृश्यं एकमेकांत मिसळून त्याचं स्वतःचंच एक स्वप्न तयार होई. आणि पडद्यावरचं भव्य स्वप्न हवं असेल तर १९५१ चा ‘आवारा’ आहे. ढग, जिने, अजस्र मूर्ती! त्याचे कलादिग्दर्शक होते आपले चित्रकार एम. आर. आचरेकर.

आपल्याकडे

अलिबागजवळच्या नागावात जन्मलेल्या प्रभाकर बरव्यांना (१९३६–१९९५) कुणी अतिवास्तववादी म्हणतं, कुणी नाही. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, शंख अशा साध्या वस्तू रिकाम्या अवकाशात एकमेकांची वाट पाहत थांबलेल्या असतात. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्रकलेशी संबंध नसलेल्या माणसानेही वाचावं, इतकं ते स्वच्छ आहे.

पण स्वप्नाची ही गोष्ट आपण दर वेळी पॅरिसपासून सुरू करतो, याचं मला वाईट वाटतं. मुक्ताबाईंच्या कूट अभंगात इवलीशी मुंगी सूर्याचा घास घेते. देहूच्या तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कविता करायचं काम सांगून गेले. गुरुमंत्रही त्यांना स्वप्नातच मिळाला. आणि कोल्हापुरात असलेल्या संत बहिणाबाईंना १६४० च्या दशकात तुकोबांचा उपदेश झाला, तोही स्वप्नात. तोवर त्यांनी तुकोबांना पाहिलेलंही नव्हतं. पुढे त्यांनी ते सगळं अभंगात लिहून ठेवलं.