भूमिकाखेळांवरील हौशी श्राव्य-मालिका : स्वरूप, निर्मिती आणि झाडीपट्टीतील शक्यता

आंतरजालावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांविषयी त्या खेळांचे चाहते स्वतःच श्राव्य-मालिका ध्वनिमुद्रित करून प्रसृत करतात. रूढ भाषेत त्यांना 'पॉडकास्ट' म्हणतात. हा विषय प्रथमदर्शनी विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. खेळ हा मुळात रिकामपणाचा उद्योग, आणि त्याविषयी तासन्‌तास बोलणे हा त्याहून रिकामा उद्योग, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु जी कला प्रयोगाबरोबरच संपते तिचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा, हा प्रश्न ज्या अभ्यासकास पडला असेल, त्यास ह्या मालिकांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. प्रस्तुत लेखात ह्या मालिकांचे स्वरूप, त्यांच्या निर्मितीची रीत आणि चंद्रपूर-गडचिरोली ह्या वनजिल्ह्यांत त्यांना असलेला वाव ह्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. खेळ आणि त्याविषयीचे बोलणे

भूमिकाखेळात खेळणारा एक पात्र धारण करतो, त्या पात्राचे बल, विद्या व उणिवा ठरवितो आणि इतरांच्या संगतीने एका कल्पित जगात वावरतो. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ कागद, पेन्सिल व फासे घेऊन एका मेजाभोवती बसून खेळावयाचा होता. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल ह्या विद्यार्थ्यांनी 'मड' हा खेळ संगणकावर रचला. त्यात चित्रे नव्हती. खोल्या, वाटा व वस्तू ह्यांची वर्णने पडद्यावर अक्षरांत उमटत आणि खेळाडू अक्षरांतच आज्ञा देत. २३ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळाने हाच प्रकार लक्षावधी खेळाडूंपर्यंत नेला.

पॉडकास्ट हे माध्यमही जवळजवळ ह्याच खेळाच्या वयाचे आहे. आर. एस. एस. ह्या सूचना-व्यवस्थेस ध्वनिसंचिका जोडण्याची सोय डेव्ह वाइनर ह्यांनी २०००-०१ च्या सुमारास केली. फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सली ह्यांनी 'गार्डियन' पत्रातील लेखात 'पॉडकास्टिंग' हा शब्द सुचविला, आणि जून २००५ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या 'आयट्यून्स'मध्ये ह्या मालिकांना स्थान दिले. नभोवाणीहून हे माध्यम दोन बाबतींत भिन्न आहे. एक तर त्यास प्रक्षेपण केंद्र लागत नाही. आणि दुसरे, श्रोत्यास ठराविक वेळी हजर राहावे लागत नाही. नवा भाग निघाला की त्याची वर्दी श्रोत्याच्या यंत्रास आपोआप मिळते.

खेळ व माध्यम एकाच सुमारास उदयास आल्याने चाहत्यांच्या मालिका लवकरच निघू लागल्या. स्कॉट जॉन्सन ह्यांची 'द इन्स्टन्स' ही त्यांपैकी एक प्रसिद्ध मालिका होय. तिचे नावच खेळाच्या परिभाषेतून आले आहे. एखाद्या खेळगटापुरती वेगळी उघडली जाणारी गुहेची किंवा किल्ल्याची प्रत, तिला 'इन्स्टन्स' म्हणतात. अशा मालिकांचा ढाचा बहुधा ठरलेला असतो : त्या आठवड्यात खेळात झालेले बदल, एखाद्या अवघड मोहिमेची चर्चा, श्रोत्यांची पत्रे, आणि ह्या सर्वांत मिसळलेल्या बोलणाऱ्यांच्या गप्पा. ऐकणाऱ्यास बातमी अन्यत्रही मिळते. तो परत येतो तो ह्या गप्पांसाठी, आणि अभ्यासकासही त्यांतच अधिक हाती लागते.

२. साक्षीचे मोल

ह्या खेळांचे जग खेळाडूच्या घरी नसते. ते कंपनीच्या संगणकांवर असते. ते संगणक बंद झाले की जगच नाहीसे होते. 'द मेट्रिक्स ऑनलाइन' ३१ जुलै २००९ रोजी, 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' १५ डिसेंबर २०११ रोजी आणि 'सिटी ऑफ हीरोज' ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद करण्यात आले. ग्रंथाची आवृत्ती संपली तरी ग्रंथालयात एखादी प्रत उरते. येथे तशी प्रत बहुधा उरत नाही. आणि चाहत्यांनी आपल्या खटपटीने खेळाची आज्ञावली पुन्हा चालविली, तरी त्या जगातील माणसांचे तेव्हाचे वागणे परत येत नाही.

हे वागणे किती महत्त्वाचे असू शकते ह्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील हक्कार नावाच्या शत्रूचा एक संसर्गजन्य शाप खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर त्या स्थळाबाहेर पडला आणि खेळातील गजबजलेल्या नगरांत साथ पसरली. कोणी इतरांवर उपचार करू लागले, कोणी नगर सोडून पळाले, तर काहींनी मुद्दाम साथ पसरविली. कंपनीच्या दृष्टीने ही केवळ एक चूक होती आणि तिने ती दुरुस्त केली. परंतु एरिक लॉफग्रेन व नीना फेफरमन ह्या संशोधकांनी २००७ साली 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ह्या घटनेवर निबंध लिहून, साथीच्या काळातील मानवी वर्तन अभ्यासण्यास अशा जगांचा उपयोग होईल असे प्रतिपादन केले. आकडे कंपनीच्या यंत्रांत असू शकतात. पण पळणारा का पळाला आणि थांबणारा का थांबला, हे खेळाडूच्या मुखातूनच कळणार. हौशी श्राव्य-मालिका ही अशा साक्षींची साठवण आहे. निर्मितीचे पुढील सर्व नियम ह्याच एका दृष्टीने समजून घ्यावयाचे आहेत.

३. वनजिल्ह्यांतील दोन पूर्वपीठिका

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा जिल्हा झाला. त्याचा बहुतांश भाग आजही अरण्याने व्यापलेला आहे. गावे विरळ, अंतरे मोठी आणि दूरध्वनीचे जाळे अनेक ठिकाणी अपुरे, अशी येथील स्थिती आहे. असे असूनही पात्रे धारण करणे आणि दूरवर आवाज पोचविणे ह्या दोन्ही गोष्टी ह्या प्रदेशास नव्या नाहीत.

पहिली पूर्वपीठिका झाडीपट्टी रंगभूमीची. दिवाळीनंतर धानाची कापणी होऊ लागली की मंडई व शंकरपट ह्यांच्या निमित्ताने गावोगाव नाटके होतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे ह्या व्यवसायाचे प्रमुख केंद्र आहे. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. दंडार व खडी गंमत ह्या जुन्या लोकनाट्यप्रकारांचा वारसा ह्या रंगभूमीस आहे, आणि २०२३ साली परशुराम खुणे ह्यांना मिळालेल्या पद्मश्रीने तिला राष्ट्रीय मान्यता लाभली. तथापि प्रयोगानंतर पारावर व चहाच्या टपरीवर होणारी चर्चा, म्हणजे कोणाचे काम रंगले, कोणते पद पडले, कोणत्या प्रसंगी बायाबापड्या रडल्या ही सारी समीक्षा, वाऱ्यावर विरून जाते. भूमिकाखेळाचे आणि ह्या रंगभूमीचे दुःख ह्या बाबतीत एकच आहे.

दुसरी पूर्वपीठिका 'सीजीनेट स्वर' ह्या उपक्रमाची. पत्रकार शुभ्रांशु चौधरी ह्यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये मध्य भारतातील गोंडवनासाठी तो सुरू केला. साध्या दूरध्वनीवरून कोणीही एका क्रमांकास पुकारावे, यंत्राने उलट पुकार करावा, आणि बोलणाऱ्याने एक आकडा दाबून आपले निवेदन नोंदवावे किंवा दुसरा दाबून इतरांची ऐकावीत, अशी त्याची योजना होती. निवेदन तपासून मगच ते प्रसृत होई. पुढे ह्याच मंडळींनी 'बुल्टू रेडिओ' ही कल्पना मांडली. जेथे आंतरजाल आहे तेथे कार्यक्रम उतरवून घ्यावयाचा आणि ब्ल्यूटूथने एका दूरध्वनीतून दुसऱ्यात सोपवीत गावापर्यंत न्यावयाचा, अशी ही रीत. आंतरजालाचे जाळे हे प्रसाराचे एकमेव साधन नव्हे, हा धडा ह्या प्रदेशातील हौशी निर्मात्याने विशेष लक्षात घ्यावा.

४. निर्मितीची रीत

(अ) पूर्वतयारी. दोन किंवा तीन बोलणारे असावेत. एकटा बोलू लागला की व्याख्यान होते, आणि चौघांहून अधिक झाले की आवाज ओळखता येत नाहीत. संवाद लिहून काढू नयेत. केवळ मुद्द्यांचा कागद पुढे असावा. प्रत्येक भागाच्या आरंभी दिनांक, खेळाचे नाव, त्याचा आवृत्ति-क्रमांक आणि बोलणारे आपापली नावे अथवा खेळातील नावे ह्यांचा स्पष्ट उच्चार करावा. खेळाचे नियम वरचेवर बदलतात. अमुक मोहीम कठीण आहे हे विधान कोणत्या आवृत्तीस लागू होते ते न सांगितल्यास दहा वर्षांनी त्याचा अर्थ लागणार नाही.

(आ) ध्वनिमुद्रण. महागडा माइक ही पहिली गरज नव्हे. शांत व न घुमणारी खोली ही होय. गाद्या, गोधड्या व कपडे ह्यांनी भरलेली लहान खोली उघड्या भिंतींच्या दिवाणखान्याहून चांगली. पंखा बंद ठेवावा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूस धरावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' ह्या वर्णांबरोबर येणारा श्वास त्यावर आदळत नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली मुद्रण होऊ शकत नाही, म्हणून त्या महिन्यांचे भाग आधीच करून ठेवावेत.

एक जण चंद्रपुरात, दुसरा अहेरीत व तिसरा पुण्यात असेल तर आंतरजालावरील संभाषणच मुद्रित करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण जाळे क्षीण झाले की शब्द तुटतात व ते पुन्हा मिळत नाहीत. प्रत्येकाने आपला आवाज आपल्याच यंत्रावर स्वतंत्र मुद्रित करावा. आरंभी एकाने तीन-दोन-एक मोजावे व सर्वांनी एकदम टाळी वाजवावी. पुढे तिन्ही संचिका एकत्र करताना ह्या टाळ्या परस्परांशी जुळविल्या की संभाषण ठीक बसते. दोन यंत्रांची घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत, म्हणून दीर्घ भागात अखेरीसही एक टाळी घ्यावी. शेवटी अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीचा आवाज मुद्रित करावा. संपादनात जोड लपविण्यास तो उपयोगी पडतो.

(इ) संपादन. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेली व २००० साली खुली झालेली 'ऑडॅसिटी' ही विनामूल्य आज्ञावली ह्या कामास पुरेशी आहे. खोकला, पुनरुक्ती व लांबलेली शांतता काढावी. मात्र प्रत्येक विराम कापू नये. माणूस कोठे अडखळतो हीसुद्धा साक्षच आहे. सर्वांचे आवाज समपातळीस आणणे हे संपादनातील सर्वांत आवश्यक आणि नवशिक्यांकडून सर्वांत उपेक्षिले जाणारे काम आहे.

(ई) संचिकेचे वजन. सेकंदास ४४,१०० नमुने व १६ बिट ह्या प्रमाणाने एकपदरी आवाज मुद्रित केल्यास चाळीस मिनिटांची मूळ संचिका सुमारे २१२ मेगाबाइटांची होते. तीच एमपी-३ स्वरूपात सेकंदास ६४ किलोबिटांनी आवळल्यास सुमारे १९, आणि ३२ किलोबिटांनी आवळल्यास सुमारे साडेनऊ मेगाबाइटांची होते. संगीतास ही दुसरी मात्रा अपुरी पडेल, पण बोलण्यास ती चालते. जेथे जाळे क्षीण आहे तेथे ही निवड श्रोता मिळणे अथवा न मिळणे ठरविते. म्हणून प्रत्येक भागाच्या दोन प्रती, एक चांगली व एक हलकी, सिद्ध कराव्यात आणि मूळ अनावळित मुद्रण दोन स्वतंत्र ठिकाणी जपावे.

५. भाषा आणि अधिकार

ह्या मालिका कोणत्या भाषेत निघाव्यात हा प्रश्न वाटतो त्याहून गंभीर आहे. खेळाची परिभाषा इंग्रजी असल्यामुळे बोलणारा नकळत इंग्रजीकडे किंवा हिंदीकडे वळतो. ते अपरिहार्य नाही. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो, आणि शाळेत हा उच्चार चूक म्हणून सुधारला जातो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी ह्या बोलीस साहित्यात प्रतिष्ठा मिळवून दिली; तथापि तरुण पिढी आजच्या विषयांवर ती कशी बोलते ह्याचे नमुने मिळणे कठीण. गोंडीची स्थिती अधिक बिकट आहे. २०११ च्या जनगणनेत २९,८४,४५३ लोकांनी ती मातृभाषा सांगितली, परंतु संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. विधी व पुराणकथा ह्यांच्यापुरतीच जी भाषा मुद्रित होते ती संग्रहालयाची भाषा ठरते. खेळातील पराभवावर मित्राशी हुज्जत घालणारी गोंडी वा झाडीबोली मुद्रित होणे, हे त्या भाषेच्या जिवंतपणाचे अधिक खरे प्रमाण होय.

अधिकारांविषयी थोडक्यात. खेळातील संगीत व चित्रे कंपनीच्या मालकीची असतात. भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ ह्याच्या कलम ५२ अन्वये समीक्षेसाठी उचित वापरास मोकळीक आहे. परंतु खेळातील संपूर्ण गीत आरंभगीत म्हणून वापरणे ही समीक्षा नव्हे. गावातील एखाद्या वादकाकडून, त्याच्या अनुमतीने व योग्य मोबदल्याने, अर्ध्या मिनिटाची धून करवून घेणे अधिक उचित. बोलणाऱ्यांची अनुमती घ्यावी, आणि अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकांचीही.

६. उपसंहार

सारांश, हौशी श्राव्य-मालिकेचे मोल तिच्या सफाईत नसून साक्षित्वात आहे. दिनांक सांगणे, मूळ मुद्रण जपणे, संचिका हलकी करणे आणि स्वभाषेत बोलणे ह्या चारही गोष्टी त्यातूनच निष्पन्न होतात. ह्या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालेले आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना एका सत्रात सहा भागांची मालिका सहज करता येईल. तीन भाग ते स्वतः खेळत असलेल्या एखाद्या भूमिकाखेळावर असावेत, आणि तीन त्या हंगामात पाहिलेल्या झाडीपट्टी नाटकांवर. दोहोंची सूची एकाच पद्धतीने करून मूळ मुद्रणे ग्रंथालयात ठेवल्यास, प्रयोग संपल्यावर प्रेक्षक आणि खेळाडू काय बोलतात, ह्याची तुलना करण्याचे साधन पुढील अभ्यासकाच्या हाती येईल. ही मुद्रणे आज न झाल्यास पुढे कोणत्याही यंत्राने ती करता येणार नाहीत.