रेड्याची 'समाधी' ते 'लिव्हिंग विल': चांगल्या मरणाचे मराठी शब्द कसे बदलले?

जनावर मेलं की मराठीत ते सरळ 'मेलं'. पण जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात असं म्हणून बघा! ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची इथं समाधी आहे. म्हणजे आळ्यात रेडासुद्धा 'समाधिस्थ' होतो.

कोण कसं गेलं, हे आपण असं क्रियापदातूनच सांगतो. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, तुकोबा वैकुंठाला गेले, बाकीच्यांना देवाज्ञा झाली. गावाकडे दहाव्याला हमखास ऐकू येतं, "चालता-बोलता गेले, कुणाला काही करायला लावलं नाही, सोनं झालं." आणि जो वर्षभर अंथरुणाला खिळला होता, तो 'सुटला'.

पण हे सगळे शब्द माणूस गेल्यानंतरचे. व्हेंटिलेटर आला आणि जाण्याआधीच्या निर्णयासाठी शब्द लागला. तेव्हा थेट महाभारतातून भीष्माचं 'इच्छामरण' उचललं गेलं.

इथंच घोळ झाला. भीष्माला हवं तेव्हा मरण्याचा वर होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग मात्र १९७३ च्या हल्ल्यानंतर इच्छा सांगण्याच्या अवस्थेतच नव्हत्या. त्यांच्यासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये फेटाळली. त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या परिचारिकांचाही तिला विरोध होता. बातम्यांमध्ये शब्द होता इच्छामरण, पण इच्छा कुणाची?

त्याच निकालानं कडक अटींवर उपचार थांबवण्याची वाट मात्र उघडली. ९ मार्च २०१८ ला घटनापीठानं सन्मानानं मरणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली. म्हणजे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं, की बरं होण्याची आशा नसेल तर मला यंत्रांवर ठेवू नका. इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हाच आहे.

आयसीयूबाहेर हा फरक फार जड होतो. "इच्छामरण द्यायचं का?" असं विचारलं, तर मुलाला "बापाला मारायचं का?" असंच ऐकू येतं. "त्रास वाढवणारे उपचार थांबवून वेदना कमी ठेवूया का?" हा प्रश्न त्याला निदान ऐकून तरी घेता येतो.

आधी या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडेही द्यायची असते. त्यात महापालिका, नगरपालिकेबरोबर पंचायतही येते.