वीस वर्षांचा सौदा

१७८० मध्ये जेम्स वॅट एका विचित्र पेचात सापडला. त्याचं वाफेचं इंजिन खाणींतलं पाणी उपसत होतं, पण त्याची हालचाल फक्त वर-खाली व्हायची. गिरण्यांना मात्र गरगर फिरणारं चाक हवं होतं. सरळ हालचालीतून फिरती हालचाल काढण्याची युक्ती नवी नव्हती. वाकवलेला दांडा, म्हणजे क्रँक, युरोपातल्या पायाने चालवायच्या चरख्यांवर पिढ्यान्‌पिढ्या फिरत होता. पण तो वाफेच्या इंजिनाला जोडण्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्डने त्याच वर्षी पटकावलं.

वॅटने पिकार्डशी तडजोड केली नाही, आडवाट शोधली. त्याच्याकडे काम करणाऱ्या विल्यम मर्डॉकच्या डोक्यातून एक जुळणी निघाली: एका दातेरी चाकाभोवती दुसरं चाक ग्रहासारखं फिरवायचं. 'सूर्य आणि ग्रह' या नावाने ती ओळखली जाते. १७८१ मध्ये वॅटने तिचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे ही आडवाट एका बाबतीत क्रँकपेक्षाही सरस ठरली, कारण इंजिनाच्या एका फेऱ्यात मोठं चाक दोनदा फिरायचं.

म्हणून वॅटबद्दल फार सहानुभूती वाटायचं कारण नाही. वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याच्या कल्पनेचं १७६९ मधलं त्याचं स्वतःचं पेटंट ब्रिटिश संसदेने खास कायदा करून १८०० पर्यंत वाढवून दिलं होतं. त्याच्या जोरावर त्याने आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टनने जेबेझ हॉर्नब्लोअरसारख्या प्रतिस्पर्ध्यांना कोर्टात खेचलं. पेटंटामुळे अडलेला माणूस पेटंटानेच दुसऱ्यांना अडवत होता.

अमुक प्राध्यापकांना किंवा तमुक विद्यार्थ्याला 'जागतिक पेटंट' मिळालं, अशा बातम्या आपल्याकडे अधूनमधून छापून येतात. असं पेटंट जगात अस्तित्वातच नाही. आंतरराष्ट्रीय करारानुसार एकच अर्ज करून अनेक देशांची दारं ठोठावता येतात. दार उघडायचं की नाही, हे मात्र प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो. कधी कधी तर वस्तूच्या नुसत्या बाह्यरूपाची नोंदणीही 'पेटंट' म्हणून मिरवली जाते. यामागचा समज असा, की पेटंट म्हणजे सरकारने शोधाची थोपटलेली पाठ. प्रत्यक्षात पेटंट फक्त दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देतं. शेताला बांध घातला की शेजाऱ्याला थांबवता येतं, पण आपल्याला शेतात जायला वाट मिळेलच असं नाही. वाट दुसऱ्याच्या रानातून जात असेल, तर त्याची परवानगी घ्यावीच लागते. वॅटचं नेमकं हेच झालं होतं.

त्या हक्काच्या बदल्यात संशोधकालाही किंमत मोजावी लागते. त्याला आपलं गुपित सांगून टाकावं लागतं, आणि तेही मोघम नव्हे. त्या विषयातला सामान्य कसबाचा जाणकार अर्ज वाचून ती वस्तू बनवू शकला पाहिजे. भारतात अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि कुणालाही वाचता येतो. हक्क टिकतो अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तोही वेळच्या वेळी शुल्क भरत राहिलं तर. त्यानंतर ती कल्पना सगळ्यांची.

मंजुरीसाठी तीन कसोट्या लागतात. वस्तू नवी हवी, उद्योगात वापरता येण्यासारखी हवी आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नको. पहिल्या दोन कसोट्यांचा निकाल तुलनेने लवकर लागतो. भांडणं होतात ती तिसरीवर. १८५८ मध्ये अमेरिकेत हायमन लिपमनने टोकाला रबर बसवलेल्या पेन्सिलीचं पेटंट मिळवलं. पुढे ते रेकेनडॉर्फर नावाच्या व्यावसायिकाने विकत घेतलं आणि फाबर कंपनीवर दावा ठोकला. १८७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंटच रद्द केलं. पेन्सिल जुनी, रबर जुनं. दोन्ही एकत्र आल्यावरही पेन्सिल लिहायचं आणि रबर खोडायचं, एवढंच काम करत होतं. जोडीतून तिसरं काही निपजलं नाही, मग शोध कसला?

पेटंटाचा जीव असतो त्याच्या शेवटी येणाऱ्या क्रमांकित दाव्यांत. आकृत्या, वर्णनं, प्रयोगांचे निकाल या सगळ्यांपेक्षा दाव्यातलं एखादं क्रियाविशेषण जास्त भारी पडू शकतं. दावा फार रुंद केला तर जुन्या ज्ञानावर जाऊन आदळतो. अरुंद केला तर प्रतिस्पर्धी एखादा स्क्रू बदलून शेजारून निघून जातो. तंत्रज्ञान आणि कायदा दोन्ही जाणणारे पेटंट एजंट यावरच जगतात.

भारतात या प्रकाराची सुरुवात पंख्यापासून झाली, हे हवामानाला साजेसंच म्हणायचं. १८५६ चा सहावा कायदा आला आणि कोलकात्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी छताचा पंखा ओढणाऱ्या यंत्रासाठी अर्ज केला. देशातलं ते पहिलं पेटंट मानलं जातं. तेव्हा त्याला 'एकाधिकार' म्हणत आणि मुदत असे १४ वर्षं. पंखेवाल्यांची नोकरी त्या यंत्राने लगेच गेली नाही. डीपेनिंग यांच्या नावाची पेटंटविषयक सल्ला देणारी पेढी मात्र आजही चालू आहे. यंत्रापेक्षा अर्जाचा धंदा टिकला.

मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे या खेळात उतरलेले सुरुवातीचे मराठी यंत्रसंशोधक. दादाभाई नौरोजींच्या पाठबळावर ते लंडनमध्ये धडपडले. छपाईचे खिळे वेगाने ओतणाऱ्या 'भिसोटाइप' यंत्रावर त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं खर्ची घातली आणि त्यासाठी जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी पैसाही गुंतवला. पण लायनोटाइप आणि मोनोटाइप या कंपन्यांनी छापखान्यांत आधीच पाय रोवले होते. पेटंटांमुळे भिसेंची कल्पना कागदावर सुरक्षित राहिली, पण कारखाना आणि गिऱ्हाईक पेटंट देत नाही. भिसे अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. 'भारताचे एडिसन' हे बिरुद त्यांना लागलं खरं, पण एडिसनच्या पाठीशी असलेली प्रयोगशाळा आणि भांडवल त्यांच्याकडे कधीच नव्हतं.

जगदीशचंद्र बोस यांचा स्वभाव भिसेंच्या अगदी उलट. ज्ञानावर मालकी सांगणं त्यांना पटत नसे. स्नेह्यांच्या आग्रहाखातर त्यांनी विद्युतलहरी टिपणाऱ्या स्फटिकाच्या साधनासाठी अमेरिकेत १९०१ मध्ये अर्ज केला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. अर्धवाहकांच्या इतिहासात त्या कागदाला मानाचं स्थान आहे. बोस यांनी त्यातून कमाई मात्र केली नाही.

हळदीचं प्रकरण मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे, पण त्यातला खरा चटका बहुधा सांगितला जात नाही. १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं. संशोधक दोघे, आणि दोघेही भारतीय वंशाचे. त्यांना हळद ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? पण तिथल्या परीक्षकापुढे असतो तो आधी छापून आलेला मजकूर. आजीचा बटवा पुरावा म्हणून चालत नाही, त्याच्यावर तारीख नसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं संचालकपद सांभाळून तेव्हा नुकतेच वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक झालेले, मूळचे गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर यांनी लढायचं ठरवलं. १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी झाली. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले उतारे आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेख असे ३२ संदर्भ जोडले गेले. १९९७ मध्ये त्या कार्यालयाने पेटंटातले सगळे दावे फेटाळले.

हळदीतून कुणाला अब्जावधी मिळणार होते, असं नाही. त्या लढ्याचं मोल पुढच्या कामात आहे. आयुर्वेद, युनानी, सिद्ध या पद्धतींच्या ग्रंथांतलं ज्ञान इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत, पेटंट परीक्षकांना शोधता येईल अशा रूपात नोंदवण्याचा प्रकल्प सरकारने २००१ मध्ये हाती घेतला. आता परदेशी कार्यालयांतल्या परीक्षकांना तो संग्रह कराराने पाहता येतो. जे परीक्षकांच्या नजरेआड होतं त्याला तारीख मिळाली.

पेटंटाचा इतिहास वाचताना लक्षात येतं की समाजावर जास्त परिणाम झाला तो पुष्कळदा पेटंट सोडून दिल्याने किंवा संपल्याने. निल्स बोलिन हा अभियंता विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत असे. १९५८ मध्ये तो व्होल्वोत आला आणि पुढच्याच वर्षी त्याने खांदा आणि कंबर एकाच पट्ट्याने जखडणारा तीन टोकांचा सीटबेल्ट दिला. एका हाताने लावता येणारा. व्होल्वोने पेटंट घेतलं आणि इतर कंपन्यांना ते वापरायची मुभा दिली. आज गाडीत बसल्यावर जो पट्टा ओढला जातो, त्याचा आराखडा हाच.

मुदत संपल्यावर काय होतं, ते थ्रीडी प्रिंटरने दाखवलं. अमेरिकेच्या स्कॉट क्रम्पने १९८८ मध्ये लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक बनवायला गरम गोंदाची बंदूक घेतली आणि थरावर थर रचत गेला. त्यातून प्लॅस्टिकची तार वितळवून वस्तू 'छापण्याची' पद्धत निघाली. १९९२ मध्ये पेटंट मिळालं, त्याची स्ट्रॅटासिस कंपनी उभी राहिली आणि यंत्रं महागच राहिली. २००९ मध्ये मुदत संपली. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचे एड्रियन बाऊयर यांनी २००५ पासूनच, स्वतःचे भाग स्वतः छापू शकेल असा खुला प्रिंटर विकसित करायला घेतला होता. पेटंट संपताच अशा आराखड्यांवरून छोट्या कंपन्या उगवल्या. कारखान्यातलं यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि हौशी माणसाच्या टेबलावर आलं. त्यांतली मेकरबॉट २०१३ मध्ये स्ट्रॅटासिसनेच विकत घेतली, हा त्यातला विनोद.

औषधांच्या बाबतीत मुदतीचा प्रश्न असा गमतीचा राहत नाही. १९७० च्या भारतीय कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायचं नाकारलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर दिलं. पद्धत बदलून तेच औषध स्वस्तात करता येऊ लागलं आणि भारतीय औषधउद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींमुळे २००५ पासून रेणूवरही पेटंट द्यावं लागलं. पण कायद्यात एक पाचर ठेवली गेली. कलम ३(ड) सांगतं, की जुन्याच पदार्थाचं नवं रूप गुणकारितेत ठळक वाढ दाखवत नसेल, तर तो शोध नव्हे. ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे कलम नोव्हार्टिसविरुद्ध लागू केलं.

दुसरी पाचर म्हणजे सक्तीचा परवाना. बायर कंपनीच्या नेक्साव्हार या कर्करोगावरच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते ८,८०० रुपयांत विकायची परवानगी दिली. बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन देण्याची अट घातली. देशातला असा हा पहिलाच आदेश होता. अशा आदेशांनी संशोधनावरची गुंतवणूक आटते, अशी औषध कंपन्यांची तक्रार असते, आणि ती सरसकट खोटी नाही. पण हजारात एखाद्याला परवडणाऱ्या गोळीने बाकीच्यांचं भलं कसं होतं, याचं उत्तर त्या तक्रारीत सापडत नाही.

भारतीय कायद्यात पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो. त्यासाठी कंपनी असावी लागत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरच्या बेडाक्विलिन या गोळीच्या मूळ रेणूचं जॉन्सन अँड जॉन्सनचं पेटंट २०२३ मध्ये संपणार होतं. कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षारावर वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २०१९ मध्ये मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत नोंदवली. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या, आणि जुन्या विषारी औषधांमुळे दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैमध्ये मूळ पेटंटची मुदत संपली. ऑगस्टच्या अखेरीस जागतिक क्षयऔषध पुरवठा यंत्रणेने गरीब देशांसाठीची नवी किंमत जाहीर केली: सहा महिन्यांच्या औषधासाठी १३० डॉलर, आधीच्या निम्म्याहून कमी.