साल्हेरचे घोडे

दिवाळीत आमच्या अंबडच्या गल्लीत पोरं मातीचे किल्ले करतात. गेल्या वर्षी नातवाला साल्हेरची लढाई मांडायची होती. १६७२ ची, आपल्याच जिल्ह्यातली. मराठ्यांनी उघड्या मैदानावर मोगलांना हरवलं ती.

प्लास्टिकचे घोडेस्वार आणले. माप एकास बहात्तर, म्हणजे माणूस जेमतेम इंचभर. पण त्यांचे घोडे विलायती, धिप्पाड. आपलं भीमथडी तट्टू ठेंगणं. म्हणून खांद्याशी २० मिलिमीटरच्या आतलेच निवडले. पाय वाकवायचा तर कढत पाण्यात बुडवून वाकवावा, लगेच गार पाण्यात धरावा. रंगाआधी साबणानं धुवावं, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात. (आमचे पहिले चार घोडे असेच सोलले.) टोपी कापून डोक्याला कागदाची पट्टी डिंकानं गुंडाळली, की शिपाई दख्खनचा होतो.

नातू म्हणाला, "दादा, मोगल सगळे हिरवे रंगवू?"

माझा ब्रश थांबला. म्हटलं, "बेटा, इथं मोगलांकडून लढताना अमरसिंह चंदावत पडला, तो रजपूत. आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान होता."

"मग कोण कुणाचा, कळणार कसं?"

"निशाणावरून."

मग आम्ही दोघं काड्यापेटीतल्या काड्या तासत बसलो.