गैरहजर धनी: कॅरल ॲडम्स यांचा विचार आणि एस्प्लनेडचे दूध

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात पर्यावरण अभ्यास आणि मानवी मूल्ये हे विषय असतात, आणि बहुतेक विद्यार्थी ते परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. मी यंत्र विषयाचा शिक्षक. हे विषय माझ्याकडे आले तेव्हा मीही ते जवळजवळ तसेच शिकवत होतो. 'पर्यावरणवादी स्त्रीवाद' या घटकाखाली चार नावे, दोन व्याख्या आणि चिपको आंदोलन एवढे सांगितले की तास संपायचा. एका कार्यशाळेसाठी आठवडाभर कोलकात्यात राहिलो, रोज एस्प्लनेडला उतरलो, आणि तिथे या घटकातला एक विचार नीट कळला. तो विचार कॅरल ॲडम्स यांचा आहे. त्यांचे नाव आपल्या क्रमिक पुस्तकांत सहसा नसते.

एस्प्लनेडला जुनी माणसे अजून धर्मतला म्हणतात. इथून ट्राम सुटते, इथेच जमिनीखाली मेट्रो आहे (देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी इथूनच भवानीपूरकडे धावली), आणि कोपऱ्यावर के. सी. दास यांचे रसगुल्ल्याचे दुकान आहे. ट्राम आणि रसगुल्ला या दोन गोष्टी लक्षात ठेवा. आधी ट्राम.

अश्वशक्तीतला घोडा

कोलकात्याची पहिली ट्राम १८७३ च्या फेब्रुवारीत सियालदा ते आर्मेनियन घाट अशी धावली. ती घोडे ओढत. काही महिन्यांत ती बंद पडली, १८८० मध्ये नव्या कंपनीने पुन्हा सुरू केली, आणि शतक संपेपर्यंत कंपनीकडे सुमारे हजार घोडे होते. बंगालच्या उन्हाळ्यात लोखंडी रुळांवरून भरलेला डबा ओढणे घोड्यांना झेपत नसे. २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर या मार्गावर विजेची ट्राम आली.

हा इतिहास आपण तंत्रज्ञानाची प्रगती म्हणून शिकवतो आणि ती प्रगती होतीच. पण मोटरच्या पाटीवर आजही आपण अश्वशक्ती लिहितो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तुम्ही हे एकक शेकडो वेळा वापरले असेल. त्यात कधी घोडा दिसला का? घोड्याचे नाव आहे, त्याच्या श्रमाचे माप आहे, आणि घोडा स्वतः नाही. ज्याच्याबद्दल बोलणे चालू आहे तोच बोलण्यात हजर नाही, अशा स्थितीला ॲडम्स 'ॲबसेंट रेफरंट' म्हणतात. वर्गात मी त्याला 'गैरहजर धनी' म्हणतो. शरीर ज्याचे, तो धनी. हिशेबात तो गैरहजर.

कोण या ॲडम्स?

कॅरल ॲडम्स यांचा जन्म १९५१ चा, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातला. मोठे शहर नव्हे, लहान गाव. रॉचेस्टर विद्यापीठातून पदवी घेऊन त्या येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात गेल्या. १९७३ मध्ये पहिले वर्ष संपवून त्या घरी आल्या असताना शेजाऱ्याने दार ठोठावले: तुमच्या तट्टाला गोळी लागली आहे. त्यांचे लाडके तट्टू कुरणात मरून पडले होते. त्याच रात्री जेवताना हॅम्बर्गरचा घास घेतला आणि त्या थांबल्या. एका मेलेल्या प्राण्यासाठी रडत आपण दुसरा मेलेला प्राणी खातो आहोत, ही विसंगती त्यांना लागली.

अशा अनुभवावर बरीच माणसे शाकाहारी होतात आणि गोष्ट तिथेच संपते. ॲडम्स यांना मात्र प्रश्न पडला की दोन प्राण्यांतला हा फरक मला आजवर दिसला का नाही? तेव्हा त्या स्त्रीवादी चळवळीत होत्या, बोस्टनमध्ये मेरी डेली यांच्याकडे शिकत होत्या. १९७४ मध्ये दोन्ही धागे जुळले आणि पुस्तकाची कल्पना सुचली. पुस्तक आले १९९० मध्ये: 'द सेक्शुअल पॉलिटिक्स ऑफ मीट'. मधली सोळा वर्षे त्या केवळ लिहीत बसल्या नव्हत्या. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात मारहाण होणाऱ्या बायकांसाठी त्यांनी मदतीची दूरध्वनी सेवा सुरू केली, गरिबांच्या घरांच्या प्रश्नावर काम केले. माझ्या मते त्यांच्या सिद्धान्ताचा पाया ग्रंथालयापेक्षा या कामात अधिक आहे.

या कामातून पुढे आलेली एक गोष्ट त्यांनी नंतर सविस्तर मांडली. बायकोला धाकात ठेवण्यासाठी नवरा घरातल्या कुत्र्या-मांजराला इजा करतो किंवा मारून टाकतो. आणि अनेक बायका घर सोडत नाहीत, कारण मागे राहिलेल्या जनावराचे काय होईल ही भीती असते. आश्रयगृहात जनावराला जागा नसते. अमेरिकेत २०१८ मध्ये पीडित स्त्रीबरोबर तिच्या पाळीव प्राण्याच्याही निवाऱ्याची सोय करणारी तरतूद कायद्यात आली. आपल्याकडे माहेरी निघालेली बाई गोठ्यातल्या म्हशीकडे पाहून परत फिरल्याच्या गोष्टी खेड्यात कमी नाहीत. फक्त त्यांची नोंद कौटुंबिक हिंसेखाली होत नाही.

धनी तीन प्रकारे गैरहजर होतो

पहिला प्रकार सरळ: प्राणी मेलेला असतो. दुसरा भाषेचा: प्राण्याचे नाव जाऊन पदार्थाचे नाव येते. इंग्रजीत गाय खात नाहीत, 'बीफ' खातात. मराठी इथे थोडी वेगळी आहे. आपण 'आज कोंबडी केली', 'बकरा कापला' असे बेधडक म्हणतो आणि 'मटण', 'चिकन'ही म्हणतो. म्हणजे इंग्रजीवरून काढलेला नियम मराठीला जसाच्या तसा लागत नाही. तिसरा प्रकार रूपकाचा: प्राण्यावर जे घडते ते दुसऱ्याच कोणाचे दुःख सांगायला वापरले जाते. 'माझा बळीचा बकरा केला' म्हणताना बकरा मनात नसतो.

ॲडम्स यांचा मुख्य मुद्दा असा की स्त्रीचे शरीर आणि प्राण्याचे शरीर याच यंत्रणेतून 'वस्तू' बनतात. अखंड जीवाचे तुकडे पाडायचे, तुकड्यांना आकर्षक नाव द्यायचे, मग ते विकायचे. जाहिरातीतली स्त्री आणि मटणाच्या दुकानावरच्या पाटीतली लाडिक हसणारी कोंबडी त्यांनी शेजारी ठेवून दाखवली. दूध आणि अंडी यांना त्या 'फेमिनाइज्ड प्रोटीन' म्हणतात: मादीच्या प्रजननावर ताबा ठेवून मिळवलेली प्रथिने.

इथे मराठी भाषा त्यांना अनपेक्षित साक्ष देते. 'पान्हा' हा शब्द आई आणि गाय दोघींना चालतो. दूध आटलेली गाय 'भाकड', आणि निरुपयोगी गप्पा म्हणजे 'भाकडकथा'. खरवस तर मला स्वतःला फार आवडतो. चीक वासरासाठी असतो हे आपल्या प्रत्येकाला माहीत असते; तरी खरवसाच्या वडीत वासरू कोणाला दिसत नाही.

कोलकात्याचे दूध

आता रसगुल्ला. रसगुल्ला म्हणजे छेना, छेना म्हणजे दूध, आणि एकोणिसाव्या शतकात कोलकात्याचे बरेचसे दूध शहरातल्याच गोठ्यांतून येई. शहरात चारा महाग. वासराला दूध पाजणे गवळ्याला परवडत नसे, त्यामुळे वासरू लवकर मरे. वासराविना गाय पान्हा चोरते. त्यावर उपाय म्हणून 'फूका' नावाची रीत होती: गायीच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकायची. त्या ताणाने मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते आणि दूध उतरते. शरीरशास्त्र बिनचूक आहे. बाळंतपणात काम करणारी प्रतिक्षिप्त क्रिया हीच.

एस्प्लनेडपासून पायी जाण्याच्या अंतरावर, आजच्या बिनय-बादल-दिनेश बागेपाशी, कोल्सवर्दी ग्रँट यांचे स्मारक आहे. या चित्रकाराच्या पुढाकाराने १८६१ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी देशातली पहिली संस्था कोलकात्यात उभी राहिली. म्हणजे ओरड जुनीच आहे. आणि ती दूरवर पोचली. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती कोलकात्याहून आलेले साहित्य पडले. गवळी गायी-म्हशींचे कसे हाल करतात याचे त्यात वर्णन होते. १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आणि कॅलनबाख यांनी दूध सोडले. पुढे आजारपणात डॉक्टर दूध घ्या म्हणत असताना कस्तुरबांनी सुचवले, तुमचे व्रत गायी-म्हशीच्या दुधाचे आहे, बकरीच्या नव्हे. गांधीजींनी बकरीचे दूध घेतले, आणि व्रताचे अक्षर पाळले पण आत्मा मोडला अशी कबुली आत्मकथेत दिली. हा प्रसंग मी वर्गात मुद्दाम सांगतो, कारण ज्याला गैरहजर धनी दिसला त्यालाही दूध सोडणे सोपे गेले नाही.

कायद्याचे श्रेय मात्र एका स्त्रीकडे जाते. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेवर नियुक्त झाल्यावर १९५३ मध्ये त्यांनी खासगी विधेयक मांडले. सरकारने स्वतः कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० चा कायदा आला. त्याच्या १२ व्या कलमात 'फूका' हा शब्द आजही आहे. शिक्षा एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

नळी गेली, इंजेक्शन आले. दूध उतरवण्यासाठी ऑक्सिटोसिनचा गैरवापर होतो म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना ते बनवण्यास बंदी घातली. पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे औषधही तेच. पुरवठा अडला तर बाळंतिणी मरतील, असा आक्षेप आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. गोठा आणि प्रसूतिगृह एकाच कुपीत भेटतात, याचे यापेक्षा ठोस उदाहरण मला माहीत नाही.

वस्तुमान संतुलन मांडून पाहा

तुम्ही अभियंते आहात, म्हणून एक गणित. आत आलेले, बाहेर गेलेले, साठलेले. गाय दूध देते कारण ती व्यालेली असते. वासरांत नर-मादी साधारण निम्मे. २०१९ च्या पशुगणनेत देशातली गोवंशाची संख्या सुमारे १९ कोटी, त्यात माद्या सुमारे साडेचौदा कोटी. मग नर पाच कोटींच्या आत का? संतुलनात एक मोठे पद गायब आहे. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल होई. ट्रॅक्टर आल्यावर त्याचे काम गेले. तो बाजारात जातो, कत्तलखान्यात जातो, किंवा रस्त्यावर सोडला जातो.

याला आता तंत्रज्ञानाचे उत्तर आले आहे: लिंगनिर्धारित वीर्य. एक्स गुणसूत्राच्या शुक्राणूत डीएनए जवळजवळ चार टक्के जास्त असतो. तो फरक प्रकाशमान रंगाने ओळखून शुक्राणू वेगळे करतात, म्हणजे बहुतेक कालवडीच जन्मतात. ज्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिल्यांदा कायदा केला, तिथेच गोठ्यात नर नको आहे. दोन्हीकडे 'उपयोग' हीच कसोटी. फक्त निकाल उलटा लागतो.

हा विचार आपल्याकडे कुठे अडतो

ॲडम्स यांच्या मांडणीत मांस हे पुरुषी सत्तेचे चिन्ह आहे. भारतात तेवढ्यावर भागत नाही. इथे मांस न खाणे हे जातीच्या वरचढपणाचे चिन्ह झाले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम गोमांसाशी जोडला. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' वाचा. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची ती नोंद आहे. ज्यांना मेलेले ढोर ओढायला लावले त्यांनाच शाकाहाराचे पाठ देणे म्हणजे गैरहजर धन्यांत आणखी एकाची भर.

या गाठीला थेट हात घातला तो यामिनी नारायणन यांनी. त्या ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठात शिकवतात. त्यांचे 'मदर काऊ, मदर इंडिया' २०२३ मध्ये आले. त्यांचे म्हणणे असे की दूधधंदा आणि कत्तल ही एकाच साखळीची टोके आहेत, पण गुन्हा ठरतो फक्त शेवटच्या टोकाचा, जिथे मुसलमान आणि दलित काम करतात. दूध पवित्र राहते. गायीला 'आई' म्हटल्याने तिचे दूध घेणे हक्काचे होते आणि तिचे स्वतःचे वासरू विसरले जाते. म्हैस तर या पावित्र्यातही नाही, दूध मात्र भरपूर देते. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हातारा बैल विकता न येणाऱ्या शेतकऱ्याचे काय, आणि त्या बैलाला रोज वैरण घालणाऱ्या त्याच्या बायकोचे काय, हे प्रश्न नारायणन यांच्या मांडणीनेही पूर्ण सुटत नाहीत असे मला वाटते. डेअरीवर दूध घालून आलेल्या पैशावर मुलींची फी भरणाऱ्या बाया माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया आहेत.

म्हणून या घटकाचा गृहपाठ मी निबंधाचा देत नाही. घराजवळच्या एका गोठ्याचे गेल्या पाच वर्षांचे संतुलन मांडून आणायचे: किती वेत झाले, किती कालवडी, किती गोऱ्हे, कोण कुठे गेले, रोजचे शेण कोणी काढले, पैसे कोणाच्या खात्यात जमा झाले. मालकाला विचाराच, पण शेण काढणारीला वेगळे विचारा. दोघांच्या आकड्यांत फरक आला तर दोन्ही लिहा. गेल्या वर्षी एका मुलाने तक्त्यात 'गोऱ्हे' या रकान्यात नुसती रेघ ओढली होती. विचारल्यावर म्हणाला, "सर, आजी सांगायला तयार नाही." मी त्याला रेघ तशीच ठेवायला सांगितली आणि पूर्ण गुण दिले.