तपास आणि शहानिशा

सुगावा लागतो तो ओझरत्या खुणेचा. माग काढावा लागतो तो पावलापावलानें. आणि छडा लागतो तो मूळ कारण सांपडल्यावर. मात्र हातीं आलेला धागा खरा कीं खोटा, हें पारखण्यास आपल्या भाषेंत निराळा शब्द आहे : शहानिशा. तिचें महत्त्व एका प्रकरणावरून ध्यानीं येईल.

१९०२ सालीं त्या वेळच्या पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस प्लेगची लस टोंचली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस मिळालेले १९ जण धनुर्वातानें दगावले. चौकशी करणाऱ्या कमिशननें मुंबईच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखविलें, आणि लसीचे जनक वाल्देमार हाफकिन यांच्या माथीं दोष आला. पुढें शहानिशा झाली. उघडतांना बाटलीस दुर्गंधी नव्हती. अर्थात् दोष आधींचा नव्हता. बूच काढण्याचा चिमटा मात्र जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. छडा लागला, आणि १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ पासून परळची ती संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

शहानिशेवांचून केलेला तपास म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणें होय. आणि त्या भुईच्या जागीं कधीं कधीं निरपराध माणूस असतो.